आधी खेकडा, मग पाणी, शेवटी मासे : घरच्या टँकमध्ये दोघांना एकत्र ठेवण्याची रीत

बहुतेकांच्या घरी हे असंच घडतं. टँक आधीपासून असतो, त्यात गप्पी, मोली, एखादा सकर. माशांचं खाणं आणायला म्हणून दुकानात जातो आणि काउंटरवरच्या प्लास्टिकच्या डब्यात लाल नांग्यांचे इवलेसे खेकडे दिसतात. ‘गोड्या पाण्यात राहतात, तळ साफ ठेवतात’ एवढ्या हमीवर जोडी घरी येते आणि थेट टँकमध्ये पडते. चार दिवसांत एखाद्या गप्पीची शेपटी अर्धी होते. आठवड्यात एक खेकडा नाहीसा होतो. माझा पहिला खेकडा चपलांच्या रॅकमागे सापडला, सुक्या बोंबलासारखा कडक.

यात खेकड्याचा दोष नाही, माशाचाही नाही. आपला क्रम उलटा असतो. मासे आधी, पाणी त्यांच्या सोयीचं आणि खेकडा वरून टाकलेला. तो कोणता, त्याला कसलं पाणी लागतं, जमीन लागते का, हे प्रश्न तो मेल्यावर पडतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा: आधी खेकडा कोणता ते ठरवायचं, मग त्याचं पाणी, मग त्या पाण्याला साजेसे मासे. प्रत्यक्ष खेकडा मात्र माशांनंतर टँकमध्ये येतो. पहिला खेकडा घरी यायला दोन महिने लागतील, हे आधीच मनाशी धरा.

टप्पा १ : खेकडा नेमका कोणता, ते ठरवा

‘ॲक्वेरियमचा खेकडा’ अशी कुठलीही एक जात नसते. दुकानात आणि घरात येणाऱ्या खेकड्यांचे ढोबळ प्रकार असे:

रेड क्लॉ. सर्वांत जास्त विकला जाणारा. पाठ तपकिरी, नांग्या लाल, पाठीची रुंदी ४-५ सेंटिमीटरपर्यंत. हा तिवरांच्या चिखलातला, खाडीकाठचा प्राणी आहे. त्याला निमखारं पाणी लागतं आणि पूर्णपणे पाण्याबाहेर येता येईल अशी जागा लागते. गोड्या पाण्यात तो लगेच मरत नाही, काही आठवडे किंवा काही महिने रेटतो. म्हणून तर दुकानदाराचं म्हणणं खरं वाटत राहतं.

फिडलर. नराची एक नांगी अवाढव्य, दुसरी नखाएवढी. ओहोटीच्या वेळी आपल्या खाड्यांच्या चिखलात हेच खेकडे नांगी हलवत बसलेले दिसतात. स्वभावाने रेड क्लॉपेक्षा बरेच गरीब. पण त्यांना ओल्या वाळूचा मोठा किनारा हवा आणि पाणी निमखारंच.

व्हॅम्पायर क्रॅब. जांभळे-नारिंगी, पिवळ्या डोळ्यांचे, जावा बेटाकडचे. हे खरोखर गोड्या पाण्याचे, पण मुक्काम मुख्यतः जमिनीवर. त्यांच्यासाठी झाडं आणि ओली माती असलेली काचपेटीच उभारावी लागते, पाणी नावापुरतं. मासे हवेत म्हणून यांच्या वाटेला जाऊ नका.

थाई मायक्रो क्रॅब. जेमतेम सेंटिमीटरभर पाठ, कोळ्यासारखे केसाळ पाय, थायलंडच्या नदीतला. आयुष्यभर पाण्याखाली आणि गोड्या पाण्यात राहतो. तो माशाला काही करत नाही, मासाच त्याला गिळू शकतो. टँक गोड्या पाण्याचाच ठेवायचा हट्ट असेल आणि हा कुठे मिळाला, तर लहान तोंडाच्या शांत टेट्रा किंवा रास्बोरांसोबत ठेवा. तो दिवसभर झाडांच्या मुळांत लपलेला असतो, दिसत नाही म्हणून कुरकुर करू नका.

राहिले पहिल्या पावसात शेताच्या बांधावर सापडणारे मुठे आणि बाजारातली जिवंत चिंबोरी. दोन्ही टँकसाठी नकोत. मुठा रात्री मासे धरतो, तळ उकरून झाडं उपटतो. चिंबोरीची नांगी तर माणसाचं बोटही सोडत नाही, शिवाय ती भरपूर मोठी होते. किनाऱ्यावरून मुलांनी उचलून आणलेले शंखातले खेकडेही टँकमध्ये सोडू नका. त्यांतले काही समुद्राच्या खाऱ्या पाण्यातले, काही जमिनीवरचे. तुमच्या गप्पींच्या पाण्यात दोघेही मरतात.

पुढची सगळी मांडणी रेड क्लॉ धरून केली आहे, कारण दहांतले आठजण तोच आणतात. फिडलरसाठी जवळपास हेच, फक्त किनारा मोठा.

तपासा : दुकानात खेकड्याचा फोटो काढा, जात पक्की करा, तो आज कुठल्या पाण्यात ठेवला आहे ते विचारा. आणि खेकडा न घेता घरी या.

टप्पा २ : टँक आणि मुख्य म्हणजे झाकण

तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच हे माप मला सोयीचं वाटतं. काठोकाठ भरला तर यात १२५ लिटरच्या आसपास पाणी मावेल, पण आपण तो फक्त आठ-नऊ इंच भरणार आहोत. वाळू-दगडांची जागा वजा केली की हाती राहतं साधारण ५० लिटर. उरलेली उंची खेकड्याची, त्याच्या हवेची आणि पळून जायच्या बेताला आळा घालायची. दोन फुटी टँकमध्ये एक-दोन खेकडे राहतील, पण मग माशांचा विचार सोडलेला बरा.

काच त्याला चढता येत नाही. तो चढतो ते हवेच्या नळीवरून, हीटरच्या वायरवरून, फिल्टरच्या पाइपवरून, कोपऱ्यातल्या सिलिकॉनच्या कडेला धरून. बाहेर पडायला त्याला फक्त त्याच्या पाठीच्या जाडीएवढी फट पुरते आणि पाठ चपटी असते. नेहमीच्या प्लास्टिकच्या हूडला मागे वायरींसाठी जी लांब खाच असते, ती म्हणजे त्याचा राजमार्ग.

काचेचं किंवा ॲक्रिलिकचं झाकण मापाने कापून घ्या. नळी आणि वायरी एकाच कोपऱ्यातून बाहेर काढा आणि तिथली मोकळी जागा फिल्टरच्या स्पंजने घट्ट भरा. झाकणावर क्लिप लावा किंवा वजन ठेवा, मोठा खेकडा हलकं झाकण उचलतो. हवा खेळायला एका बाजूला बारीक प्लास्टिकची जाळी पुरे. सगळं झाकण जाळीचं केलं तर आतली हवा कोरडी पडते. खेकडा जमिनीवरसुद्धा कल्ल्यांनीच श्वास घेतो आणि कल्ले ओले राहिले तरच ते काम करतात.

फिल्टर म्हणून हवेवर चालणारा स्पंज फिल्टर घ्या. टांगायच्या फिल्टरमुळे झाकणाला खिंडार पडतं आणि बुडवायचा पॉवर फिल्टर इतक्या उथळ पाण्यात नीट बसत नाही. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व लावा, नाहीतर वीज गेल्यावर टँकचं पाणी उलटं जमिनीवर येईल. वीज वारंवार जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या.

हीटर मुंबई-कोकणात बहुतेक वर्ष बंदच राहतो. पुणे, नाशिक, विदर्भात डिसेंबर-जानेवारीला तो लागतोच, कारण पाणी २४ ते २८ अंशांत राहायला हवं. ५० लिटरला ५० वॉट पुरतात. तो तळाशी आडवा लावा आणि त्यावर प्लास्टिकचं जाळीदार कव्हर चढवा. उभा लावला तर पाणी आटल्यावर त्याचा वरचा भाग उघडा पडून काच तडकते.

तपासा : रात्री टँकमधला दिवा लावून खोलीत अंधार करा आणि झाकणाच्या कडेने नजर फिरवा. जिथून उजेडाची रेघ बाहेर येते, तिथून खेकडाही येईल.

टप्पा ३ : जमीन बांधा, पण वाळूवर नको

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पाण्यातून डोकावणारा एक दगड म्हणजे जमीन नव्हे. टँकच्या क्षेत्रफळाचा एक तृतीयांश भाग तरी पाण्याबाहेर हवा आणि प्रत्येक खेकड्याला दुसऱ्याकडे पाठ करून बसता यायला हवं.

तीन मार्ग आहेत. सोपा म्हणजे कासवांसाठी मिळणारा, काचेला चिकटणारा तरंगता प्लॅटफॉर्म. स्वस्त आहे, पण त्याचे सक्शन कप काही महिन्यांत सैल होतात. दुसरा, दगडांची रास. तिसरा, आणि माझ्या मते तीन फुटी टँकसाठी सगळ्यांत चांगला: एका टोकाला आठ-नऊ इंच उंचीची काच आडवी सिलिकॉनने चिकटवायची, मागच्या कप्प्यात खाली जाड खडी, वर ओली वाळू आणि पाण्याच्या बाजूने चढायला लाकडाचा तिरका ओंडका. सिलिकॉन बुरशीरोधक औषध न घातलेलं घ्या आणि चिकटवल्यावर दोन दिवस वाळू द्या. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला की मगच पाणी.

दगड रचणार असाल तर ते थेट तळाच्या काचेवर, खाली पातळ स्पंज किंवा प्लास्टिकची शीट घालून ठेवा आणि वाळू नंतर भोवती ओता. खेकडा खणतो. वाळूवर ठेवलेल्या दगडाखाली तो बोगदा करतो आणि एका रात्री दगड त्याच्यावर किंवा काचेवर कोसळतो.

पाण्याच्या भागातही लपायला जागा हवी: नारळाची करवंटी, फुटक्या माठाचे तुकडे (धार घासून), पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे. खेकड्यांची संख्या अधिक दोन, एवढी घरं करा. ही घरं शोभेची नाहीत. कात टाकताना खेकड्याचा जीव त्यांच्याच आधारावर वाचतो, ते टप्पा ९ मध्ये.

झाडांवर पैसे घालवू नका. निमखाऱ्या पाण्यात बहुतेक झाडं सडतात आणि जी टिकतात ती खेकडा कापतो. जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधून पाहा. जगलं तर जगलं.

टप्पा ४ : पाणी

नळाचं पाणी बादलीत काढा आणि क्लोरीन घालवा. अँटिक्लोरचे थेंब किंवा हायपोचे खडे पाकिटावर दिलेल्या प्रमाणात. नुसतं २४ तास उघडं ठेवूनही साधा क्लोरीन उडून जातो, पण पावसाळ्यात नळाच्या पाण्याला उग्र वास येत असेल तर थेंब घालाच.

पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नका, तांब्याच्या तांब्याने ओतूही नका. तांबं माशाला सोसेल इतक्या प्रमाणातही खेकड्याला, कोळंबीला, गोगलगायीला मारतं. आपल्या घरांत ही चूक कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

आता मीठ. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या (१.०००) तुलनेत मिठाचं पाणी किती जड ते सांगणारा आकडा, १.००५ च्या जवळ आणायचं आहे. त्यासाठी लिटरला साधारण ७-८ ग्रॅम मरीन सॉल्ट, म्हणजे ५० लिटरला ३५० ते ४०० ग्रॅम. मरीन सॉल्ट म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी मिळणारं समुद्री मिश्रण. स्वयंपाकघरातलं मीठ, खडे मीठ किंवा दुकानात ‘ॲक्वेरियम सॉल्ट’ म्हणून मिळणारी पिशवी त्याची जागा घेऊ शकत नाही. ते नुसतं सोडियम क्लोराईड. खेकड्याला कवच बांधायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवं आणि ते मरीन सॉल्टमध्ये असतं. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे धरणाचं पावसाचं पाणी नळाला येतं, ते मुळातच मऊ असतं. तिथे तर हा फरक फारच भोवतो. बोअरिंगचं पाणी जड असतं, पण म्हणून मरीन सॉल्ट टळत नाही.

मीठ वेगळ्या बादलीत विरघळवा, एअर स्टोन (हवेच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून रात्रभर पाणी ढवळू द्या, मग मोजा. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर चालेल, पण काट्याला चिकटलेला बुडबुडा आधी झटका, नाहीतर आकडा खोटा येतो. रिफ्रॅक्टोमीटर असेल तर उत्तम.

सावध : मिठाचे खडे कधीही टँकमध्ये थेट टाकू नका, मग आत कुणी असो वा नसो. तळाशी दाट खारट थर बसतो आणि वरचं पाणी मोजून तुम्ही आणखी मीठ घालत राहता.

तपासा : पाण्याच्या पातळीवर बाहेरून काचेला टेपची पट्टी चिकटवा. पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून घट भरून काढायची ती फक्त क्लोरीन घालवलेल्या गोड्या पाण्याने. टेप नसेल तर दोन महिन्यांत तुमच्या खाडीचा समुद्र होतो.

टप्पा ५ : टँक रिकामा चालवा, चार ते सहा आठवडे

इथे लोकांचा धीर सुटतो. पाणी स्वच्छ दिसतं, फिल्टर बुडबुडतो, मग थांबायचं कशाला? थांबायचं ते जिवाणूंसाठी. मल आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचा नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा थोडा वाढला तरी चालतो. हे जिवाणू स्पंजमध्ये वस्ती करायला आठवडे घेतात.

रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टँकमध्ये टाका आणि दर तीन दिवसांनी थेंबांच्या टेस्ट किटने मोजा. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल. मग नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. मित्राच्या जुन्या, निरोगी टँकमधला मळका स्पंज मिळाला तर तुमच्या स्पंजवर पिळा, दीड-दोन आठवडे वाचू शकतात. मळकं पाणी पाहून घरचे नाक मुरडतील, मुरडू द्या.

तपासा : रोजचं खाणं चालू असताना सलग तीन मोजण्यांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. खाणं बंद करून आलेला शून्य धरू नका. मग एक मोठी पाणीबदल करा, अर्ध्या टँकची, त्याच खारटपणाच्या पाण्याने.

टप्पा ६ : मासे निवडा आणि सोडा

मासा निवडताना चार प्रश्न विचारा. निमखाऱ्या पाण्यात राहतो का? वरच्या किंवा मधल्या थरात पोहतो का? चपळ आहे का? खेकडा त्याच्या तोंडात मावत नाही ना? चारही उत्तरं बरोबर आली तरच पुढे जा.

या कसोटीवर आमच्या बाजारातला पहिला नंबर मोलीचा. साधा, आखूड पंखांचा काळा मोली मुळात निमखाऱ्या पाण्यात आनंदाने राहतो. बलून मोली नको, तो फुगलेल्या पोटामुळे हळू पोहतो. मोठ्या झुलत्या शेपटीचा नको, ती शेपटी म्हणजे नांगीला आमंत्रण. गप्पीही चालतात, पण साधे. पंख्यासारख्या शेपटीचे दिखाऊ नर ठेवलेत तर शेपट्या मोजायची सवय लावून घ्या.

काय नको, ती यादी मोठी आहे. सकर, कॉरिडोरास आणि लोच तळाशी झोपतात, म्हणजे खेकड्याच्या ताटातच. त्यांना मीठही सोसत नाही. फायटर संथ आणि झुलत्या पंखांचा. गोल्डफिशला थंड, गोडं पाणी हवं. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि त्यांची भावंडं खेकड्याचे पाय एकेक करून तोडतात. पफर निमखाऱ्या पाण्यातलाच असला तरी कवचवाले प्राणी फोडून खाणं हाच त्याचा धंदा आहे. स्कॅट आणि मोनो छोटे असताना गोड दिसतात, पण ते ताटलीएवढे होतात.

तीन फुटी टँकमध्ये चार-पाच मोली बस झाले, त्यात एक नर. पिल्लं होतील आणि बरीचशी खेकड्याच्या पोटात जातील. हे मान्य नसेल तर फक्त माद्या घ्या (तरीही पहिले काही महिने पिल्लं होऊ शकतात, कारण त्या दुकानातूनच गाभण येतात).

दुकानातले मोली गोड्या पाण्यात वाढलेले असतात, त्यांना एकदम खाऱ्यात टाकू नका. पिशवीतलं पाणी माशांसकट बादलीत ओता, टँकमधून हवेची बारीक नळी लावून तिला सैल गाठ मारा आणि सेकंदाला दोन-तीन थेंब पडू द्या. दोन-तीन तासांत बादलीतलं पाणी तिप्पट होईल. मग मासे जाळीने उचलून टँकमध्ये. बादलीतलं पाणी मोरीत.

आधी मासे का, खेकडा का नाही? कारण आता टँकमध्ये खरोखरचा मल पडायला लागतो आणि जिवाणूंची खरी परीक्षा होते. मोली ती सोसतात. दोन आठवडे रोज अमोनिया मोजा. तो शून्यावरून हलला नाही, तर पुढच्या टप्प्याला या.

टप्पा ७ : खेकडे आणा

एक नर, दोन माद्या. दोन नर ठेवले तर एकाची नांगी लवकरच तळाशी पडलेली दिसेल. नर-मादी ओळखायला पोटाखालची पट्टी पाहा: नराची अरुंद, टोकदार, मादीची रुंद, गोलसर. बाजारात चिंबोऱ्या निवडून घेणाऱ्यांना हे शिकवायला नको.

हात जवळ नेल्यावर पळणारा किंवा नांग्या उगारणारा खेकडा घ्या. कोपऱ्यात लुळा बसलेला दया म्हणूनही आणू नका. एखादा पाय नसेल तर हरकत नाही, पुढच्या दोन-तीन कातींत तो परत येतो. आणताना पाण्याने भरलेल्या पिशवीपेक्षा ओला टिश्यू घातलेला, भोकं पाडलेला डबा बरा, आणि प्रत्येकाला वेगळा. एकाच पिशवीत आणलेले तीन खेकडे घरी पोचेपर्यंत अडीच होतात.

घरी आल्यावर डब्यात टँकचं पाणी दोन-दोन चमचे, दहा-दहा मिनिटांनी, असं अर्धा-पाऊण तास घाला. मग डबा जमिनीच्या भागावर आडवा ठेवा आणि खेकड्याला स्वतःहून बाहेर येऊ द्या. पाण्यात कधी उतरायचं ते तो ठरवेल. तिन्ही एकाच वेळी सोडा, म्हणजे आधीच जागा बळकावलेला कुणी नसेल. टँकचा दिवा दुसऱ्या दिवसापर्यंत बंद.

सावध : पहिल्या तीन रात्री सर्वांत धोक्याच्या. नवा खेकडा प्रत्येक फट तपासतो. झोपण्यापूर्वी झाकण हाताने दाबून पाहा.

टप्पा ८ : खाणं, दोघांना वेगवेगळ्या वेळी

‘उरलंसुरलं खाईल’ या समजुतीने खेकडा उपाशी राहतो आणि उपाशी खेकडा झोपलेला मासा धरतो. पोट भरलेला खेकडाही आजारी मासा धरेल, पण धडधाकट माशाच्या मागे धावायची त्याला गरज पडत नाही.

माशांना दिवसा, तरंगणारं. खेकड्यांना दिवा मालवल्यावर, बुडणारं, आणि तेही पाण्याच्या कडेला किंवा जमिनीवर एका ठरलेल्या जागी. हा प्राणी तिवरांखालच्या पानांच्या कचऱ्यावर वाढलेला, म्हणून आहारात पाला जास्त हवा. देशी बदामाची गळून पडलेली तपकिरी पानं धुऊन, उकळून टँकमध्ये टाका. फवारणी होत नसलेल्या झाडाची घ्या. जोडीला वाफवलेला पालक, सोललेला मटार. आठवड्यातून दोनदा मांसाहार: मीठ न लावलेला सुका जवळा धुऊन, प्रत्येकी दोन-चार दाणे. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा जमिनीवर कायम असू द्या, पक्ष्यांच्या दुकानात मिळतो.

सकाळी उरलेलं चिमट्याने उचला. तीन फुटी टँकचा अमोनिया बिघडवायला विसरलेला एक मटार पुरतो.

टप्पा ९ : कात

लहान खेकडा दर काही आठवड्यांनी, मोठा काही महिन्यांनी कवच टाकतो. आधी तो खाणं सोडतो, रंग फिका-मळकट होतो, बिळातून बाहेर येत नाही. लोक इथे घाबरून त्याला उचलतात, कुरवाळतात, वेगळ्या बादलीत टाकतात. यांतलं काहीही करू नका. त्या दिवसांत पाणी बदलू नका, दगड हलवू नका.

मग एका सकाळी तळाशी ‘मेलेला’ खेकडा दिसतो. त्याला बाहेर फेकण्याआधी नीट पाहा. मागच्या बाजूला पाठ आणि पोट यांच्या जोडावर फट असेल, आत पोकळ असेल, वास नसेल, तर ती कात आहे. मालक कुठल्यातरी करवंटीखाली लोण्यासारखा मऊ होऊन बसला आहे. खरोखर मेलेल्या खेकड्याचा वास तुम्हाला प्रश्न विचारायला लावत नाही.

कात आतच राहू द्या, तो ती खातो आणि त्यातलं कॅल्शियम परत मिळवतो. कवच टणक व्हायला काही दिवस लागतात. या काळात दुसरे खेकडे त्याला फाडून खाऊ शकतात आणि मोलीसुद्धा टोचून पाहतात. अरुंद तोंडाची घरं हवीत ती यासाठी. वेगळं करायचंच असेल तर दुसऱ्या खेकड्यांना करा, मऊ झालेल्याला हात लावू नका.

टप्पा १० : दर आठवड्याचं काम आणि औषधांचा धोका

आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला, आदल्या दिवशी तयार केलेल्या, त्याच गुरुत्वाच्या पाण्याने. स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या टँकच्या पाण्यात दोनदा पिळा. झाकणाची आतली बाजू पुसा, स्पंजची बूच तपासा.

माशांवर पांढरे ठिपके आले तर औषध टँकमध्ये ओतू नका. त्या बाटल्यांत अनेकदा तांबं असतं. मासे वेगळ्या बादलीत हलवा, उपचार तिथे करा आणि ते पाणी परत टँकमध्ये येऊ देऊ नका.

डास मारायची द्रव रिफिल, कॉइल, झुरळांचा खडू, पेस्ट कंट्रोलचा फवारा: यांतली बरीचशी औषधं कवचवाल्या प्राण्यांना माशांहूनही लवकर मारतात, कारण ती मुळात कीटकांसाठी बनवलेली असतात आणि खेकडा कीटकांचा जवळचा नातेवाईक. ज्या खोलीत टँक आहे तिथे रिफिल लावू नका, मच्छरदाणी बांधा. गल्लीत धूर फवारणीची गाडी आली की आधी हवेचा पंप बंद करा, कारण तो खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. मग टँकवर ओली चादर टाका, खिडक्या लावा. धूर गेल्यावर अर्ध्या तासाने पंप पुन्हा चालू.

ज्यांच्याकडे खेकडा आधीच गोड्या पाण्यात आहे, त्यांच्यासाठी

आज रात्री दोन गोष्टी करा: झाकणाच्या फटी बुजवा आणि पाण्याबाहेर बसायला काहीतरी द्या, उलटी करवंटी दगडावर ठेवली तरी चालेल. खेकडा सारखा नळीला लटकून वर चढू पाहत असेल तर तो खेळत नाही, पाणी सोडू पाहतो आहे.

मग एक ठरवा. टँकमध्ये सकर, टेट्रा, कॉरिडोरास असतील तर तिथे मीठ घालता येणार नाही. खेकड्यासाठी दुसरा टँक लावा, तोवर त्याला प्लास्टिकच्या मोठ्या, झाकण असलेल्या डब्यात बोटभर निमखाऱ्या पाण्यात आणि कोरड्या दगडासह ठेवा. त्या डब्यातलं पाणी एक दिवसाआड बदला. टँकमध्ये फक्त मोली किंवा गप्पी असतील तर त्याच टँकचं पाणी हळूहळू खारं करा: दर आठवड्याच्या पाणीबदलीत गुरुत्व ०.००१ ते ०.००२ ने वाढवा, जास्त नाही, म्हणजे फिल्टरमधले जिवाणूही सावरतात. पातळी मात्र आजच निम्म्यावर आणा.

आणि दुसरा टँक जमणारच नसेल, तर खेकडा दुकानात परत करा किंवा निमखारा टँक असलेल्या कुणाला द्या. जवळच्या नाल्यात, तळ्यात किंवा खाडीत सोडू नका. तिथे तो जगला तर तिथल्या खेकड्यांना त्याच्या रोगांसकट जगावं लागतं. रिकाम्या झालेल्या गोड्या टँकच्या तळाशी काहीतरी हलतं हवंच असेल, तर चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली इवलीशी लाल कोळंबी, सोडा.